वैभवीचा रविवार

दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या अनुराधाच्या घरी वैभवीला कुणी कामवाली म्हणत नसे. अनुराधानं इंटरनेटवर ‘ओ पेअर’ हा शब्द वाचला होता. परदेशातली मुलगी घरच्यासारखी राहते, मुलं सांभाळते, बदल्यात राहणं-जेवण आणि हातखर्च, असा तो युरोपातला प्रकार. तिला तो फारच आवडला. व्हिसावर घरकामगार असलेली वैभवी तेव्हापासून मैत्रिणींत ओ पेअर झाली. पगार तेवढाच राहिला.

वैभवी संगमेश्वरची, अनुराधाच्या माहेरच्या शेजारणीची मुलगी. बालवाडीत शिकवायची, आणि जात्याच हट्टी. लग्नाच्या बैठकीत मुलाकडच्यांनी नोकरी सोडायची अट घातली, तेव्हा ‘मग चहा घ्या आणि निघा’ असं तिनंच पुढं होऊन सांगितलं होतं. गावानं नावं ठेवली. ठेवणाऱ्यांच्याच पोरांना ती दुसऱ्या दिवशी बाराखडी शिकवत होती. दुबईला आपण जग बघायला आलो, हे ती उघड सांगे. सहा वर्षांच्या वेदांगशी तिची गट्टी जमली. ती मराठीत रागवायची, तो इंग्रजीत उलट उत्तरं द्यायचा.

घोडं अडलं ते रविवारवर. रविवारची सुट्टी आधीच ठरलेली होती. पण पहिल्याच रविवारी सगळे हॉटेलात निघाले आणि पोरगी एकटी काय करणार म्हणून तिलाही घेतलं. मग समुद्र, मग मॉल, मग मंडळाचं हळदीकुंकू. तिला नवा ड्रेस घेतला, टेबलावर शेजारी बसवलं. अनुराधाच्या मनात खोट नव्हती, हे सांगितलंच पाहिजे. फक्त त्या टेबलावर वेदांगला घास वैभवी भरवायची, त्याला शू लागली की वैभवी उठायची. अंगावर झूल घातली म्हणून बैलाच्या मानेवरचं जू उतरत नाही. घरी कपडे वाळत घालताना निदान कुणी तिला ‘एन्जॉय कर गं’ असं तरी म्हणत नसे.

शेवटी तिनं सांगून टाकलं, की रविवारी मी एकटी बाहेर जाणार. अनुराधानं विचारलं, कुठं? कुणाकडे? कुणी आहे का? लगेच संगमेश्वरला फोन गेला आणि वैभवीच्या आईनं रडत रडत उपकारांची आठवण करून दिली. अनुराधाचा नवरा विजयकुमार समजुतीनं म्हणाला, की काही झालं तर जबाबदारी आमची, तू फक्त कारण सांग, मी गाडीनं सोडतो. इथंच वैभवीचं डोकं फिरलं. कुठं जायचं ते तिलाही माहीत नव्हतं, आणि असतं तरी सांगितलं नसतं. कारण सांगून मिळते ती परवानगी. तिला सुट्टी हवी होती. व्हिसा विजयकुमारच्या हातात होता, जास्त बोललं तर परतीचं विमान. ती घाबरली होती, अगदी मनापासून घाबरली होती. पण घाबरलं की गप्प बसायचं असतं, हे तिला कधी जमलंच नाही.

त्या रविवारी अनुराधाची मैत्रीण शुभ्रा आली. तिला दुसरं बाळ होणार होतं आणि तीही गावाकडून मुलगी आणायच्या विचारात होती. आणण्याआधी काय काय माहीत हवं, हे तिला विचारायचं होतं. अनुराधानं भरभरून सांगितलं: वेगळी खोली द्या, वायफाय द्या, घरचीच समजा.

“आम्ही तर तिला सोडून कुठे जातच नाही. तिलाच विचार ना. वैभवी, यू आर लाइक फॅमिली, हो ना गं?”

वैभवी दारात चपला घालत होती.

“ताई, मुलगी जरूर आणा,” ती शुभ्राला म्हणाली. “पण आठवड्यातून एक दिवस ती कुठं आहे, हे तुम्हाला माहीत नसणार. ते झेपणार नसेल तर आणू नका.”

अनुराधाचा चेहरा पडला. आतून विजयकुमार बाहेर आला.

“धिस इज टू मच, वैभवी. एवढाच त्रास होत असेल तर खलास, उद्याच तिकीट काढतो.”

“काढा काका. फक्त रविवारचं काढू नका. रविवारी मला सुट्टी असते.”

दार ओढून ती लिफ्टमध्ये शिरली. बसथांब्यावर पहिली आली ती बस तिनं धरली. फोन वाजत राहिला, तो तिनं पर्सच्या तळाशी सारला. मग कुठं उतरली, काय खाल्लं, कुणाशी बोलली, ते इथं सांगायचं कारण नाही.

संध्याकाळी दार अनुराधानंच उघडलं. तिच्या केसांत पोहण्याच्या तलावाचं पाणी होतं, खांद्यावर वेदांगचा ओला टॉवेल होता. दिवसभर पोरामागं धावून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. वैभवीकडे बघून ती “कुठे—” म्हणाली, आणि तिथंच थांबली.

“जेवलीस का?” तिनं विचारलं.

“हो,” वैभवी म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली.