चारशे पलंगांची राणी

"ओढू नका ते कपाट, उचला! फरशी जाईल माझी!" सूनबाई ओरडतेय. आवाज असा, की दौलताबादच्या किल्ल्यावरची तोफही दचकून तोंड फिरवेल. दिवाणखाना 'रीअरेंज' चाललाय. कपाटामागची धूळ उडाली, शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटासारखा वास आला, आणि या वयात माझे कान गरम झाले.

तेव्हा निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन नुकतीच होऊन गेली होती. शाळेतली उर्दू जाऊन मराठी-इंग्रजी आली होती. आमचे फारसीचे वृद्ध मास्तर तीस वर्षं शिकवत होते. आता शाळाखात्याच्या साहेबापुढं इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत उतरले तरच नोकरी राहणार होती. मी त्याच शाळेत नवा शिक्षक, इंग्रजी येणारा, आणि गप्पांत असा की भर उन्हाळ्यात खाम नदीला पूर आणावा. मधल्या सुट्टीत ते माझ्याकडं शिकायचे. प्रत्येक शब्दाला विचारायचे, "मास्तर, याचं मूळ काय? मुळाशिवाय लफ्ज तोंडात घेऊ नये." मूळ वहीत उतरवायचं, खाली सांगणाऱ्याचं नाव लिहायचं, ही त्यांच्या तालमीतली जुनी शिस्त.

एके दिवशी 'रीअरेंज' आला. अर्थ सांगितला: पुन्हा नव्यानं मांडणं. मूळ ठाऊक नव्हतं. कोश दहा पावलांवर कपाटात होता. पण 'ठाऊक नाही' म्हणेल ती माझी जीभ कसली! म्हटलं, "विलायतेत एका राणीला झोप येत नसे. रोज महालातले चारशे पलंग हलवायला लावी. तिच्या नावावरून पडला हा शब्द." त्यांनी मान डोलावली, मोत्यासारख्या अक्षरात राणी उतरवली. खाली माझं नाव.

परीक्षेत नेमका तोच शब्द. अर्थ बरोबर आला. मग त्यांनी हौसेनं राणीही सांगितली. साहेब आधी हसले, मग कडाडले, "ही थाप कुणाची? असले मास्तर नकोत मला!" मी कोपऱ्यात कागद लावत होतो. मास्तरांनी एकवार माझ्याकडं पाहिलं, वही मिटली.

"माझीच, साहेब."

आयुष्यात माझी जीभ एकदाच गप्प बसली, ती तेव्हा.

कोश उघडला, पण नंतर. एकच ओळ होती: मूळ जुनं फ्रेंच, लढाईआधी सैनिक रांगेत उभे करणं, 'री' म्हणजे पुन्हा. राज्य बदललं की माणसांच्या रांगाही पुन्हा लागतात, कुणीतरी बाहेर राहतं. मास्तरांना मात्र मी बाहेर काढलं होतं.

परीक्षेच्या दिवशीच शाळेच्या फाटकाशी त्यांना गाठून विचारलं होतं, "माझं नाव का नाही घेतलंत?"

त्यांनी टोपी सारखी केली.

"माझा सातवीचा चौथा तास आता मोकळा राहील," ते म्हणाले. "तो तुम्ही घ्या."