ग्राउंडावर सोडलेला टँकर

ये, कागदावर का होईना, जवळ सरक. किती महिने झाले गं तोंड दाखवून? पोस्टकार्ड टाकायलाही हात दुखतो व्हय? बरं, ऐक. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं न्हाय — घरातसुद्धा न्हाय.

बहात्तरच्या दुष्काळात मी धाराशिवला एका कॉलेजात मुलींच्या होस्टेलची रेक्टर होते. वय सव्वीस, आव मात्र साठीच्या बाईचा. तिथंच खेळाचे सर होते, गायकवाड सर. उंच, गळ्यात शिट्टी. बास्केटबॉल सोडून दुसरं बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. मला त्यातलं काही कळायचं न्हाय, तरी मी मान डोलवायची. का डोलवायची? — आता ते काय फोड करून सांगू?

एकदा स्टाफरूममध्ये ते सुस्कारा टाकून म्हणाले, "परवा मॅच, अन् ग्राउंडावर एवढा फुफाटा, की पोरांना बास्केट दिसंना." बस्स. एवढ्यावर माझं डोकं फिरलं.

होस्टेलला दोन दिवसांआड पाण्याचा टँकर यायचा. रसूलभाई चालवायचे — पिकल्या दाढीचे, सभ्य. मॅचच्या सकाळी मी त्यांना रस्त्यातच गाठलं. म्हटलं, आज पाणी ग्राउंडावर सोडा.

"अन् पोरी, बाईसाहेब?"

म्हटलं, मी बघते. काय बघणार होते मी? चाळीस पोरी बादल्या घेऊन उभ्या. एकीनं तर केसांना शिकेकाई फासून ठेवलेली!

आणि माझी अक्कल किती? अंगणातल्या सड्यापुरती. काळी माती ती! अख्खा टँकर ओतल्यावर तिथं भात लावता आला असता. पाहुणी टीम उतरली, एकानं चेंडू आपटला — तो वर आलाच न्हाय. पोरांच्या बुटांना ही ढेकळं. मॅच रद्द. सर कपाळाला हात लावून खाली बसले.

प्राचार्यांनी आम्हा तिघांना बोलावलं — मी, सर, रसूलभाई. पाणी तिथं कुणी सोडायला लावलं?  रसूलभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी सांगेन, म्हणून थांबले. आणि मी — सर शेजारीच उभे होते ना — मी म्हणाले, "मी होस्टेललाच न्या म्हटलं होतं. त्यांनीच चुकून ग्राउंडावर सोडलं."

त्याच दिवशी त्यांना टँकरवरनं काढलं. जाताना मला सलाम करून गेले.

माझं मात्र भलं झालं बघ. बिचाऱ्या रेक्टरबाईंची कीव येऊन सरांनी सगळी टीम कामाला लावली, लांबच्या विहिरीवरनं होस्टेलला पाणी भरलं. स्वतःच्या खांद्यावर घागर! शिकेकाईवालीचं डोकं धुऊन निघालं एकदाचं. पुढच्या वर्षी आमचं लग्न. आजही सर आल्यागेल्याला सांगतात, त्या वेंधळ्या टँकरवाल्यानं आमचं जमवलं. सगळे हसतात. मीही हसते, चहा ओतते.

वेंधळे नव्हते ते. मी सांगितलं तेवढंच त्यांनी केलं, आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघून खोटं बोलले. काम गेल्यावर त्यांनी काय केलं, घर कसं चालवलं — मी कधी विचारलं न्हाय. विचारता आलं असतं. घर बाजाराच्या वाटेवरच होतं त्यांचं. मी वाट बदलली.

तू लवकर ये घरी. सर तो किस्सा सुरू करतीलच. या खेपेला त्यांना मध्येच थांबवून खरं काय झालं ते मी सांगणार आहे — तुझ्यादेखत.