पुरं झाला

कडावला आमच्या शेजारच्या काकू सगळं खायच्या. घरचा लाल भात, वाल, काकडी, लोणीसुद्धा. पण पोटात थोडी जागा उरली की ताटावर डावा हात आडवा धरून म्हणायच्या, "पुरं गं." मग हात हलायचा नाही.

मी तेव्हा वजनाच्या धास्तीने भात, तूप, गूळ, सगळंच बंद केलं होतं. काकूंच्या भाचीच्या लग्नात आम्ही दोघी शेजारी-शेजारी जेवायला बसलो. नवरीची आई, म्हणजे काकूंची नणंद, भात वाढत होती. "मी भात सोडलाय," म्हटल्यावर तिने मला आग्रह केला नाही. काकूंपाशी मात्र ती अडून बसली.

"घे गं वयनी, माज्या पोरीचं लगीन हाय."

"खाल्ला. पुरं."

"मंग सोडलाय म्हन, मी जाते."

"सोडला नाय. पुरं झाला."

नणंदेने वाफाळता भात सरळ काकूंच्या ताटावर आडव्या धरलेल्या हातावरच घातला. काकूंनी हात काढला नाही. नणंद तोंड पाडून पुढे गेली. मग काकूंनी तो भात म्हशीसाठी पदरात बांधला आणि लालबुंद हात पाण्यात बुडवला.

"सोडलाय म्हणायचं ना," मी पुटपुटले.

"का म्हनू? उद्या परत खायाचा हाय मला."