कल्याणराम सरांचा कडा

कालव्याच्या बांधापेक्षा उंच जमीन जिथं दिसत नाही, त्या तंजावरात कल्याणराम सरांनी जन्मभर डोंगर शिकवले. उतार, कडा, सुळका यांतला फरक सांगताना त्यांचा आवाज असा चढे की शेजारच्या वर्गातला गणिताचा तास दरीत जाई. कड्याचं उदाहरण म्हणून ते मोठ्या देवळाच्या शिखराकडे बोट दाखवत. परिणामी एका आख्ख्या वर्गानं परीक्षेत ‘कड्यावर देव कोरलेले असतात’ असं लिहिलं, आणि सरांना निम्मे गुण द्यावे लागले.

निवृत्तीनंतर या विद्येला कोणी विचारीना. अशात एका सकाळी साताऱ्याहून लेकीचा, विनुताचा, व्हिडिओ कॉल आला. ती आणि जावई वरुणराव एक घर बघायला गेले होते. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता.

“अप्पा, परसात बघा, किती छान हिरवा उतार!”

सरांनी फोन नाकाला लावला. वर हिरवळ होती खरी, पण घराला जागा काढताना खालची माती उभी कापलेली.

“हा उतार नाही गं. उताराचा पाय कापून केलेला कडा आहे हा.”

“मामा, तुम्ही खरा कडा कधी पाहिलाय?” वरुणराव हसले.

“कुठनं बघतील? गावात नवा पूल झाला, तेवढाच यांचा हिमालय,” शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या कनकलताबाईंनी जावयाची बाजू घेतली.

सरांनी बायकोपुढचं निवडायला घेतलेलं तांदळाचं ताट ओढलं आणि मध्ये रास केली. “हा उतार. आपला आपण स्थिरावतो. खडकाचा कडा उभा राहतो, त्याचं अंगच तसं. पण मातीला कडा व्हायला लावलं, तर...” त्यांनी पळीनं राशीचा पायथा उपसला. माथा धाडकन खाली, आणि मूठभर तांदूळ ताटाबाहेर.

“अहो, माझे तांदूळ!”

तिकडे विनुता घराच्या मागच्या भिंतीकडे बघत होती. “अप्पा, इथं वाळलेल्या चिखलाची रेघ आहे. पार खिडकीपर्यंत.”

वरुणराव वाकून बघून आले. हसू मावळलं होतं. “नको हे घर. मामा, पुढची जागा बघायला तुम्हीच या.”

“निघालोच!” सर जोशात उठले. माळ्यावरची बॅग काढायला स्टुलावर चढले, खाली बघितलं आणि तिथंच थिजले.

“कनका,” ते बारीक आवाजात म्हणाले, “जरा धर गं मला.”