मुहूर्ताची बॅच

सुगंधासारखी भित्री बाई अख्ख्या चारकोपात सापडायची नाही. फटाका वाजला की हिची बोटं कानात. कुलूप लावून खाली उतरेल आणि परत वर जाऊन ओढून बघेल. मी तोंडावर भागूबाई म्हणायचे तिला, हसायची बिचारी. आम्ही दोघी इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या रंगाच्या कारखान्यात पॅनलवर. तिचा नवरा अनंत तिथेच फिटर. टाकीत माल शिजतो, सेन्सर आतली गरमी सांगतो, त्यावरून मशीन आपोआप वाफ कमीजास्त करतं. आम्ही स्क्रीन बघायची.

गेल्या दसऱ्याला अनंतने टाकी घासूनपुसून लख्ख केली. पूजा झाली, झेंडूच्या माळा चढल्या, मालकाने मुहूर्ताची बॅच लावायला सांगितलं. सगळे खाली अंगणात जिलबीवर तुटून पडले. अनंत एकटा वर टाकीपाशी आवराआवर करत होता, आम्ही दोघी खाली पॅनलवर.

"नमिता, हे बघ गं. वाफ फुल सोडलीय आणि गरमीचा आकडा जागचा हलत नाही."

"सणाच्या दिवशी तरी घाबरू नकोस ना यार!"

"एवढी वाफ घेतेय आणि तापत नाही? असं होतं का कधी?"

तिने इंटरकॉम उचलला. "अहो, सेन्सर कुठंय?"

पलीकडून अनंतचा आवाज आला, पार बसलेला. "अगो... पुसून कुंकू लावलं त्याला. माळेतच लटकतोय. बाहेर."

अरे देवा! सेन्सर बाहेरची हवा मोजत होता आणि मशीन त्याचं ऐकून आत वाफ ओतत होतं. टाकी आत किती तापलीय, कुणालाच माहीत नव्हतं. मी वाफ बंद करायचं बटण दाबलं. झडप अडकलेली. वरची वाफेची फुसफुस चालूच. आता टाकीजवळचं वाफेचं चाक हाताने फिरवून बंद करायचं, एवढंच उरलं होतं. तिथे फक्त अनंत. टाकी फुटली तर आधी तो, मग अंगणातले सगळे.

सुगंधाचे ओठ पांढरे पडले. ती 'पळा' म्हणणार, मला खात्री होती. माझा नवरा असता तर मी तेच म्हटलं असतं, खोटं कशाला बोलू?

"पळू नका," ती इंटरकॉमवर म्हणाली. "चाक बंद करा."

मग माझ्यावर ओरडली, "सगळ्यांना गेटबाहेर काढ!" आणि स्वतः शिडीकडे धावली.

मी बोंबलत अंगणात गेले, हाताला येईल त्याला ढकललं. गेटबाहेर उभी राहून मी देवाला हाका मारत होते, तेवढ्यात फुसफुस थांबली.

वर गेले तर दोघं चाकाला धरून बसलेले. सुगंधाच्या तळहातांची सालटं निघालेली. अनंत रडत तिच्यावर खेकसत होता, "तू कशाला मरायला आलीस वर? घरी पोरगी आहे आपली!"

सुगंधा अजून लटलट कापत होती.

"तुम्हाला थांबा म्हटलं ना मी," ती म्हणाली. "मग खाली एकटीला लई भीती वाटली."