पांढरं पातळ, रेनकोटची पँट आणि कोंडाण्याचा रस्ता

पावसाळ्यात स्कूटर कशी चालवावी यावर सल्ले देणाऱ्यांनी एकतर स्कूटर पाहिलेली नसते, नाहीतर पाऊस. सल्ला नंबर एक म्हणे, ‘मुसळधार पावसात प्रवास टाळा.’ व्वा! मग आम्ही खालापूरवाल्यांनी काय चार महिने घरात बसून वाती वळायच्या? मी कुंभिवलीला राहते, जवळच्याच एका कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे आणि एकोणीस वर्षं बारा महिने स्कूटर चालवते. या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मला नावानिशी ठाऊक आहे. निदान गेल्या आठवड्यापर्यंत मी असंच सांगत फिरायचे.

तर कुंभिवली ते कोंडाणे लेणी, व्हाया खोपोली आणि कर्जत. हे कोंडाणे म्हणजे सिंहगड नव्हे. दरवेळी कुणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगून टाकते. हे कर्जतजवळचं डोंगराखालचं गाव, आणि वर दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी.

जायचं होतं आईला. आई सदुसष्टची. आमच्याकडे आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास असतो. भिक्खू पावसाचे तीन महिने फिरणं थांबवून एका जागी राहायचे, ते हे दिवस. आई या काळात रोज वंदना करते, पोथीसारखं नेमाने वाचन करते आणि एवढ्यातेवढ्याला खोटं बोलणाऱ्यांचा जाहीर उद्धार करते. आयुष्य इथे गेलं, पण ती कोंडाण्याच्या लेण्यात कधी गेली नव्हती. आधी शेत, मग आम्ही पोरं, मग बाबांचं आजारपण. आता पुढच्या महिन्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी सांगून टाकलंय, नंतर जिना चढलात तरी पुष्कळ, डोंगर विसरा. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

माझा धाकटा भाऊ सचिन पुण्यात असतो. त्याच्याकडे मोठी चारचाकी आहे, जी मुख्यत्वे धुण्यासाठी घेतलेली असावी. “पुढच्या रविवारी नेतो आईला,” असे त्याचे पाच पुढचे रविवार झाले. सहाव्याला म्हणाला, “ताई, एवढ्या पावसात गुडघेदुखीवालीला स्कूटरवर नेऊ नकोस हं. पाडशील.”

झालं. तिथेच माझं ठरलं.

आता अडचण पातळाची. आई वंदनेला पांढरंच नेसणार. पिशवीतून नेऊ, वर बदल, असं मी म्हटलं तर म्हणाली, “लेन्यात काय कपडे बदलायचे असतात गं? लाज हाय का नाय?” शेवटी मी माझ्या जुन्या रेनकोटची पँट काढली आणि ते सगळं पांढरं पातळ त्यात कोंबलं. वर जाकीट, वर हेल्मेट. आयुष्यात पहिल्यांदा आई स्कूटरवर दोन्हीकडे पाय टाकून बसली. मला वाटलं लाजेल. कसली लाजते! म्हणाली, “अगं, हे बरंय की! एवढी वर्षं उगाच लोंबकळत बसले.”

रविवारी सकाळी सातला निघालो. दोनशेचं पेट्रोल टाकलं, ते परत येऊनही उरलं. बाजारात मिळणारे ते झग्यासारखे रेनकोट घेऊ नका, ते वाऱ्याने फुगतात आणि खालचा काठ चाकाकडे बघत असतो. ‘वॉटरप्रूफ’ बुटांवर हजार रुपये घालवू नका, पाणी वरून आत जातं आणि मग आतच राहतं. साधी रबरी सँडल घाला. आणि ब्रेक दोन्ही एकदम, हलके हलके. ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक करकचून दाबणारा माणूस रस्त्यावर झोपतोच.

खोपोलीपर्यंत ट्रकवाल्यांनी आंघोळ घातली. पुढे पळसदरीकडे रस्ता चांगला आहे, म्हणजे खड्डे सलग नाहीत. जे बुजवलेत ते खडी टाकून, आणि ती खडी पहिल्या सरीत वाहून रस्त्यावर पसरली आहे. खड्डा निदान दिसतो तरी. डोंगरावरून पांढऱ्या धारा सुटल्या होत्या, भातखाचरं तुडुंब भरलेली. बघण्यासारखं होतं हे कबूल करते, पण बघायला गाडी थांबवा. चालवता चालवता बघणारे पुढच्या वळणावर दिसतातच, आडवे.

कर्जतला साडेआठला पोचलो. आईला दहिवलीचा वडापाव हवा होता, म्हणून वाकडी वाट करून पूल ओलांडला. वीस रुपयांत गरम वडा आणि तळलेली मिरची, यावर माझी काही तक्रार नाही. तक्रार होती ती शेजारी उभ्या असलेल्या पांढऱ्या जाडजूड गाडीबद्दल. चारही दारं उघडी, आत गाणं असं चाललेलं की चहाच्या ग्लासात तरंग उठावेत. चार पोरं बाहेर उभी राहून एकमेकांचे वडा खातानाचे व्हिडिओ काढत होती. वडा खाण्यात बघण्यासारखं काय असतं?

एकाने मला विचारलं, “आंटी, ते केव्ह्जवाला वॉटरफॉल कुठे आहे?”

“लेणी आहेत ती,” मी म्हटलं. “आंघोळीची मोरी नाही.”

तो जरा गडबडला. मग आईकडे बघून म्हणाला, “आजी, एकदम रायडर दिसताय हं!”

आई खुलली. चक्क हसली आणि हेल्मेट सरळ केलं. मी मात्र तो वडा रागानेच संपवला. सदुसष्ट वर्षांची बाई वंदनेला निघाली आहे, आणि हे तिला रायडर म्हणतात!

कर्जतहून कोंडाण्याच्या वाटेला लागलं की रस्ता अरुंद होतो. दोन्ही बाजूंना फार्महाऊसं. एकेकाची नावं अशी की मालकांनाही उच्चारता येत नसावीत. बांधकामांचे डंपर माती सांडत जातात आणि तिचा वर लोण्यासारखा थर बसतो. गाव अर्ध्या किलोमीटरवर आलं असेल, तेवढ्यात मागून तीच पांढरी गाडी आली आणि भरल्या डबक्यातून सप्पकन गेली. मी आणि आई डोक्यापासून पायापर्यंत तांबड्या.

आई म्हणाली, “जाऊदे गं. पातळ आत हाय.”

जाऊ द्यायचं? मी? एकोणीस वर्षांत मी कुणालाही जाऊ दिलेलं नाही. मी गाडी पिळली. हॉर्नवर अंगठा ठेवला तो काढलाच नाही. आई मागून “सावकाश, सावकाश” म्हणत होती, तेही ऐकू आलं आणि नाहीही. गाडीच्या काचेपाशी पोचून काय काय बोलायचं त्याची जुळवाजुळव चालली होती. चांगली वाक्यं सुचत होती. आणि पुढे त्यांनी ब्रेक लावला.

मीही लावला. पुढचा. करकचून.

पडताना आवाजसुद्धा फारसा झाला नाही. स्कूटर एकीकडे घसरत गेली, मी चिखलात बसले. आई उजव्या गुडघ्यावर पडली. ज्याचं ऑपरेशन आहे त्याच गुडघ्यावर.

ती पोरं धावत मागे आली. दोघांनी स्कूटर उचलली, दोघांनी आईला. दहिवलीला धबधब्याची वाट विचारणारा तोच पोरगा म्हणाला, “आंटी, हॉर्न का वाजवत होतात? आम्हाला वाटलं काही पडलं आमचं, म्हणून थांबलो.” जुळवलेली सगळी वाक्यं कुठे गेली कुणास ठाऊक.

शेजारच्या खाचरात एक बाई लावणी करत होती. प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर तसाच ठेवून ती बांधावरून आली आणि आईला आपल्या पडवीत नेऊन बसवलं. मला म्हणाली, “रोज पडतात गं बाय हितं. मुंबईची काय तुमी?”

“नाही हो मावशी, इथलीच. कुंभिवलीची.”

“मग तुमाला तं म्हाईत पायजे व्हतं,” असं म्हणून ती हळद गरम करायला आत गेली.

पँट वर सरकवून पाहिलं तर गुडघा सुजून वाटीएवढा झाला होता. लेण्यांपर्यंत वर तासाभराची चढण, शेवाळाच्या दगडांतून. आईने एकदा गुडघ्याकडे पाहिलं, एकदा डोंगराकडे. डोंगर निम्म्यापासून ढगात. लेणी कुठल्या अंगाला आहेत तेही दिसत नव्हतं.

“आई, थोडं बसू. उतरेल सूज,” मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता.

“नाय उतरायची,” आई म्हणाली. “चल, ती वंदनेची पिशवी दे.”

निघताना ती पोरं आईच्या पाया पडली. आईने त्यांना सांगितलं, “वर गेलात तर आत चपला घालून जाऊ नका रं. आनि गानं नको.” हो म्हणाले. पाळलं की नाही ते डोंगरालाच माहीत.

मग आईने जाकीट काढलं, पँट काढली. आतलं पातळ पांढरंशुभ्र, गुडघ्यावर तेवढा एक तांबडा डाग. मावशीच्या पडवीत मेणबत्ती लावली, ढगाकडे तोंड करून बसली आणि त्रिसरण, पंचशील सगळं म्हणाली, एक शब्द न गाळता. मावशी दाराशी हात जोडून उभी होती. मी मागे बसले होते.

कर्जतला दवाखाना गाठला. हाड शाबूत आहे, पण चढउतार बंद. परतीला आई एका बाजूला पाय सोडून बसली आणि मी वीसच्या वेगाने घरापर्यंत आले. सायकलवालेसुद्धा पुढे गेले. जाऊ दिलं.

संध्याकाळी सचिनचा फोन आला. आईने स्पीकरवर घेतला.

“काय गं आई, पोचलीस का वर?”

मी हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिले.

“पोचले की,” आई म्हणाली. “लेन्यात बसून वंदना केली. तुज्या ताईनं नीट नेलं, नीट आनलं. जरा गुडगा दुखतोय, चढ लई हाय रं.”

फोन ठेवल्यावर मी तिच्यापाशी जाऊन बसले. “आई, सकाळीच पंचशील म्हणालीस ना? खोटं बोलणार नाही म्हणून?”

ती गुडघ्याला लेप लावत होती. वर न बघताच म्हणाली, “पाचातलं येक गेलं. चार हायत अजून.”

लोकांच्या चुका दाखवायला मला कधी दोन मिनिटंही लागली नाहीत. हे एवढं लिहायला मात्र आठ दिवस लागले. सचिन, तू माझं लिहिलेलं वाचतोस हे मला माहीत आहे, उगाच नाही म्हणू नकोस. आई वर गेली नाही. आता कधी जाणारही नाही. गाव अर्ध्या किलोमीटरवर असताना मी तिला पाडली, एका पोराला अक्कल शिकवायच्या नादात. आता फोन कर, आणि आईला काही विचारू नकोस. जे बोलायचं ते मला बोल.