खालाची माफीची फेरी

भोईवाड्यापासून शिवडीच्या नाक्यापर्यंत असा एकही माणूस नसेल ज्याच्याशी आमच्या खालाचं निदान एकदा तरी कडाक्याचं भांडण झालेलं नाही. आणि चुकून असा कुणी असलाच, तर तो मनातून जरा खट्टू असतो. कारण खाला परक्याशी भांडत नाही. ती भांडली म्हणजे तुम्ही तिच्यातले झालात. मी चाळीत जन्मलो तेव्हा ती नुकतीच दापोलीकडून लग्न होऊन शेजारच्या खोलीत आली होती, आणि आई सांगते, माझ्या बारशालाच ती भांडली. "ह्या नाकाला हे नाव शोभत नाय," असं तिचं म्हणणं. पन्नाशी उलटली तरी माझ्या नावाला तिची मंजुरी मिळालेली नाही. ती मला अजून "ए नाकाड्या" अशीच हाक मारते. तिचे यजमान मात्र आम्हा सगळ्यांचे चाचा. खाला म्हणजे मावशी, मग तिचा नवरा चाचा कसा, हा प्रश्न चाळीत कुणाला कधी पडला नाही. शिवडीच्या गोदामात त्यांनी आयुष्य काढलं आणि त्या आयुष्यात जेमतेम शंभरेक वाक्यं उच्चारली असतील. उरलेली सगळी खालाने त्यांच्या वतीने बोलून टाकली.

तिच्या भांडणाची एक रीत होती. सकाळी नळावर भांडण झालं, की दुपारी त्याच घरी वाटीभर सांदणं जात, आणि ती वाटी परत यायला उशीर झाला की संध्याकाळी दुसरं भांडण. गॅसवाला सिलिंडर दारात न ठेवता जिन्यात ठेवतो म्हणून भांडण, आणि तोच पावसाळ्यात तापाने आजारी पडला तर त्याच्या खोलीवर पेजेचा डबा घेऊन जाऊन, "डॉक्टरकडे का नाय गेलास मेल्या" म्हणून भांडण. टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासवांशीही ती भांडायची, आणि त्या ऐकत नाहीत याचा तिला खरोखरच राग यायचा. मनात मात्र काही ठेवायची नाही. दाराला कडी लावायच्या आत ती सगळं विसरलेली असायची. समोरचा विसरला नसेल तर तो त्याचा प्रश्न.

तर कित्येक वर्षं अर्ज करून करून एकदाचा या दोघांचा हजला नंबर लागला. चाचा गॅलरीत आले, "नंबर लागला," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसायला आत गेले. पाठोपाठ खाला बाहेर आली आणि तिने ती बातमी अशी काही सांगितली की समोरच्या चाळीतले लोक खिडकीत आले. त्या दिवसापासून आमच्या मजल्यावर कुणी ताळ्यावर राहिलं नाही. हजला दोघं निघाली होती, तयारी अख्ख्या चाळीची चालली होती. रोज पहाटे खाला पांढरे बूट घालून चालायच्या सरावाला निघायची. आधी चाळीला फेऱ्या, मग भोईवाड्यातून थेट शिवडीपर्यंत. पायाला सवय व्हावी म्हणून सोबत चाचा, आणि वाटेत चाचांशी बोलायला कुणी हवं म्हणून मी. चाचा गॅलरीत एहरामची दोन पांढरी, न शिवलेली वस्त्रं नेसून बघत, आणि माझी ऐंशीची आई कोचावरून सूचना करी, "कमरेला पट्टा बांधा हो, तिकडे गर्दीत धरायला मी नाय येणार."

बॅगेचं तर विचारूच नका. ती दर दोन दिवसांनी रद्दीवाल्याच्या काट्यावर जायची. खाला बॅगेत आमसुलं, तांदळाचं पीठ आणि सुकटीची पिशवी घालायची. चाचा काही न बोलता सुकट काढून फडताळात ठेवायचे. ते नमाजाला गेले की सुकट परत बॅगेत. शेवटी सगळ्या कपड्यांना असा वास लागला की आईने सांगितलं, "गो, एवढ्या लाखोंच्या गर्दीत तू हरवलीस तरी चिंता नाय, वासावर सापडशील." हजमध्ये सैतानाला खडे मारायचे असतात, त्याचा सरावही झाला. गॅलरीच्या टोकाला जुनी बादली ठेवून खाला वाटाणे फेकायची. पहिला वाटाणा माझ्या चष्म्यावर बसला, दुसरा दूधवाल्याला. तेव्हा चाचांनी त्या महिन्यातलं आपलं एकमेव वाक्य उच्चारलं, "सैतानाला इतक्या लांबून कशाला घाबरवतेस?"

आणि दुआ! मक्केत जाऊन आमच्यासाठी हे माग, ते माग, म्हणून लोकांची रीघ लागली. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या नातवाची नोकरी, आणि सगळ्या मजल्यांच्या वतीने आमच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट. खाला प्रत्येकासाठी ओढणीच्या काठाला एक गाठ मारून ठेवायची. तिकडे पोचल्यावर एकेक दुआ मागायची आणि गाठ सोडायची, असा तिचा बेत. पंधरवड्यात त्या ओढणीचा काठ गाठींनी इतका भरला की ती डोक्यावर घेतली की एका बाजूला कलायची.

अशा ऐन उत्साहात दोघं हजच्या शिकवणीच्या शिबिराला गेली आणि खाला परतली ती चेहरा पाडून. मी घाबरलो. विचारलं, काय झालं, डॉक्टर काही म्हणाले का?

"तिथं भांडायचं नाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे हजमध्ये भांडणतंटा हरामच. मौलानांनी सांगितलं. कुणी धक्का मारला, पाय तुडवला, रांगेत पुढं घुसला, तरी सबर करायचा." आणि मग अगदी बारीक आवाजात, "मला जमंल का रे?"

पाठीमागे चाचा उभे होते. मी त्यांना इतकं मोकळेपणी हसताना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून खालाने सबराचा सराव सुरू केला आणि चाळ हादरली. नळावर एकीने मुद्दाम तिच्या आधी बादली लावली. खाला ओठ घट्ट मिटून उभी राहिली, मान लाल झाली, आणि शेवटी म्हणाली, "भर बाय, भर." ती बाई इतकी भेदरली की तिने आपली भरलेली बादली उचलून खालाच्या दारात नेऊन ठेवली. गॅसवाल्याने सिलिंडर जिन्यात ठेवला, खाला काही बोलली नाही, तेव्हा त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, खालाची तब्येत बरी आहे ना?" माणसाने एकाएकी सुधारू नये, आजूबाजूच्यांना फार त्रास होतो.

शिबिरात तिला आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती तिने जिवाला लावून घेतली. हजला निघण्याआधी ज्याचं मन दुखावलं असेल त्याच्याकडून माफी मिळवून जायचं. देवाचं आपण काही चुकवलं तर ते देव माफ करील, पण माणसाचं माणसानेच माफ करायला हवं. कहासुना माफ, म्हणजे बोललं-चाललं माफ करा, असं म्हणत लोक दारोदार जातात. बाकीच्या हाजींची ही फेरी एका संध्याकाळीत आटपते. खालाला आठवडे लागले. कुठून सुरुवात करायची हाच प्रश्न होता, म्हणून तिने सोपा मार्ग काढला. वरच्या मजल्यापासून एकही दार न वगळता खाली येत गेली. आमच्या घरी आली, आईसमोर बसली आणि म्हणाली, "भाभी, आजवर काय बोलले असेन ते माफ करा."

"कसली माफी गो," आई म्हणाली. "ते माझ्या कोलंबीभातात मीठ कमी म्हणालीस, ते?"

"कमीच होतं ते..." खाला बोलून गेली आणि तिने जीभ चावली. आईने माफ केलं, पण मीठ बरोबर होतं हे तीनदा ऐकवून. अशी घरोघर माफी मागताना तिने निम्म्या ठिकाणी नव्या भांडणाच्या काठापर्यंत जाऊन पाऊल मागे घेतलं, चहा प्यायली, रडली, हसली, आणि गाठी मारत पुढे गेली.

सगळ्यांनी माफ केलं. एकीने केलं नाही.

ती शिवडीची मासळीवाली. परळच्या बाजारात तिचा ओटा. वीसेक वर्षांपूर्वी खालाने भर गर्दीत तिच्या सुरमईचे कल्ले उघडून, "शिळी हाय," असा पुकारा केला होता. त्या दिवसापासून दोघींचं जे जुंपलं ते रोजचं. आणि तरी एवढ्या वर्षांत खालाने दुसऱ्या कुठल्याच ओट्यावरून मासळी घेतली नाही, आणि त्या बाईने खालासाठी बाजूला काढलेली मासळी दुसऱ्या कुणाला विकली नाही. खाला माफी मागायला गेली तेव्हा मी पिशवी धरून सोबत होतो. खालाने ओढणी सारखी केली, घसा साफ केला आणि म्हणाली, "बाय, हजला चाललंय. काय बोलले-चालले असेन ते पोटात घाल."

मासळीवाली कोयता घासत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "नाय घालनार."

"अगं, मक्केला चाललंय मी!"

"जा की. मी कुठं धरलंय? माफी नाय देनार." आणि तिने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

खालाला त्या रात्री जेवण गेलं नाही. दोन दिवसांनी ती परत गेली, पुन्हा तेच उत्तर. मग चाचा गेले आणि काही न बोलता ओट्यासमोर उभे राहिले. बाईने त्यांना मूठभर बोंबील बांधून दिले आणि घरी पाठवलं. मला त्या बाईचा भयंकर राग आला. एका शिळ्या सुरमईसाठी म्हाताऱ्या माणसाच्या हजला गालबोट लावायचं म्हणजे काय? पण खाला मला म्हणाली, "नको रे तिला बोलू. दुखलं असंल तिला. सगळ्या बाजारासमोर बोलले होते ना मी." भरलेली बॅग, मेहंदी लावलेले हात, चाळभर लगबग, आणि या सगळ्यात खाला मधेच गप्प व्हायची. तिच्या मनात काय चाललंय हे आम्हा सगळ्यांना कळायचं.

निघायच्या दिवशी दुपारपासून चाळीखाली गर्दी. हार, अत्तर, पोरांचा गलका, गाडीच्या टपावर बॅगा आणि बॅगांवर चाचांनी रंगवलेली एवढाली नावं. खाला प्रत्येकाच्या गळ्यात पडत होती. तेवढ्यात कोपऱ्यावरून मासळीवाली आली. थेट ओट्यावरून उठून आलेली, लुगडं ओलं, हातात काही नाही. गर्दी आपोआप बाजूला झाली.

"आज नाय आलीस ती माफी मागायला?" तिने विचारलं.

"कितींदा येऊ? तू देत नायस."

"देनार पन नाय." ती खालाच्या अगदी जवळ आली. "माझा नवरा शेवटचा बोटीवर गेला ना गो, त्या सकाळी आमचं भांडण मिटवून गेला. कधी मिटवायचा नाय, त्या दिवशी मिटवलान. मी पन हसून पाठवला. बोट आली, तो नाय आला. तवापासून लांब जानाऱ्याशी भांडण मी मिटवत नाय. अर्धं राहिलं म्हंजे मानूस पुरं कराया परत येतो. तू ये परत. मंग देते माफी."

खालाने डोक्यावरची ओढणी पुढे ओढली, काठावर गाठ मारायला जागा शोधली, आणि अगदी कोपऱ्यात एक घट्ट गाठ मारली. "ही तुझी," ती म्हणाली. मासळीवालीने तिचे दोन्ही हात धरले आणि लगेच सोडले, कारण हाताला मासळीचा वास होता आणि खाला नव्या कपड्यात होती. खालाने ते हात परत धरले. चाचा म्हणाले, "चला," आणि गाडी निघाली.

परवा रविवारी मी बाजारात गेलो होतो. ओट्यासमोर उभा असतानाच मोबाईल वाजला. व्हिडिओवर खाला, आणि मागे मुंडण केलेले, गोटा चमकवत हसणारे चाचा. "हज झाला रे नाकाड्या!" खाला ओरडली. "तुम्हा सगळ्यांच्या गाठी सोडल्या. ती हाय का तिथं? दे तिला."

मी मोबाईल मासळीवालीच्या हातात दिला.

"सगळ्यात पहिली तुझी गाठ सोडली," खाला म्हणाली. "लय रडले. एवढ्या दिवसांत कुणाशी भांडले नाय, चाचांना विचार. पाय तुडवला तरी सबर केला." मग तिने डोळे पुसले आणि आवाज चढवला. "पण आता हज झालाय, आता सांगते. ती सुरमई शिळीच होती!"

"शिळी?" मासळीवाली ओट्यावर उभी राहिली. "माझी सुरमई शिळी? ये तू! ये इकडं, मंग दाखवते!" आणि पदराने तोंड झाकून ती रडायला लागली. फोन बंद झाला तरी तिने तो बराच वेळ माझ्या हातात परत दिला नाही. "कवा येते म्हनाली?" तिने विचारलं. मी सांगितलं, अजून दोन आठवडे तरी. तिने मान हलवली आणि ओट्यावर पाणी मारलं.

चाळीत सध्या सगळं नीट चाललंय. नळावर लोक रांगेने उभे राहतात, गॅसवाला सिलिंडर जिन्यात ठेवतो आणि त्याला कुणी काही म्हणत नाही. मला ते मुळीच बरं वाटत नाही. खालाच्या दाराला कुलूप आहे, आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तिची सांदणाची वाटी आहे. आईने ती केव्हाच घासून पुसून ठेवली आहे. किल्ली माझ्याकडेच असते, आत नेऊन ठेवायला कितीसा वेळ लागतो? पण आई ठेवू देत नाही. उशीर झालेला बरा, म्हणते.